बाटलीत पाणी होतं

अण्णा, मी डीमनला आहे, हॉलंडमध्ये, तुमच्या नातवाच्या, माझ्या मुलाच्या घरी. तो इथे एकटाच राहतो. तीन महिन्यांसाठी आले, विमानं बंद झाली आणि अडकले. आता तो पलीकडच्या खोलीत कोरोनाने पडलाय आणि मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेय. इथल्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, पॅरासिटामॉल घ्या, घरीच राहा, श्वास लागला तर कळवा. अहो, त्याला श्वास लागला तर कळवणार कोण? मला डचमधलं 'दांक यू' सोडून काय येतं? खालून रिकामी ट्राम जाते, तेवढाच आवाज.

तुम्हाला सगळा गाव शूर म्हणायचा. स्वातंत्र्यदिनाला शाळेत झेंड्याजवळ तुमची खुर्ची असायची, आणि माझी मान ताठ. मी बारा वर्षांची, तुम्ही स्वयंपाकघरात हाताला तेल लावून फणस फोडताय. मी हट्ट धरते, अण्णा, लढाईचं सांगा ना. आणि तुम्ही सांगता. ब्रह्मदेशातली खाडी, दोन्हीकडे तिवरं. सैन्य उतरवायच्या होडीचं पुढचं दार धाडकन पडतं आणि गोऱ्या कमांडोंच्या मागोमाग तुम्ही उतरता ते कमरेइतक्या चिखलात, बंदूक डोक्यावर धरून. पुढे टेकडी. ती घेतलीत, पण जपानी पुन्हा पुन्हा वर येत राहिले. तुमच्या खंदकापासून दहा पावलांवर तुमच्याच कंपनीतला एक जण पडला होता, पाणी पाणी करत. "बाटलीत पाणी होतं," तुम्ही म्हणालात, "पण पाय उठेनात. दुपारी त्याची हाक बंद झाली."

मी काय म्हटलं, आठवतं? "शी! म्हणजे तुम्ही भित्रेच की!" आईने पाठीत धपाटा घातला. तुम्ही तिला म्हणालात, "मारू नकोस. खरं तेच बोलली." आणि गरे काढत राहिलात. त्यानंतर मरेपर्यंत लढाईचा विषय काढला नाहीत. मीही कधी माफी मागितली नाही. मला वाटायचं, दहा पावलं ती काय!

इथे तर माझ्या खुर्चीपासून त्याच्या दारापर्यंत चारसुद्धा नाहीत. पेजेची वाटी ठेवते, टकटक करते आणि पळत माघारी येऊन हात सोलवटेपर्यंत धुते. पहिल्याच दिवशी तो आतून म्हणाला, "आई, आत येऊ नकोस हं, तुझं वय बघ." मी मोठ्याने म्हटलं, "बरं बाबा, तू म्हणतोस म्हणून." खरं सांगू? तो तसं म्हणाला आणि मी सुटले. पोटचं पोर आत तापाने फणफणतंय, आणि मी माझ्या जिवाला भितेय. मीच ती, तुम्हाला शी म्हणणारी.

हा कागद मी फाडून टाकणार आहे. पोराला मराठी चांगलं वाचता येतं. सकाळची पेज दाराशी तशीच आहे, वर साय धरलीय, आणि मघापासून खोकल्याचा आवाज नाही. उठते. दार उघडून हाक मारीन. आत जाईनच, असं मात्र अजून म्हणवत नाही, अण्णा.