डावा ब्रेक

कळंब, ता. कर्जत
८ ऑक्टोबर २०२५

चि. साईनाथ यास,

ताईचे आशीर्वाद. तू खुशाल असशीलच, कारण खुशाल राहण्यासाठीच वर माथेरानला गेलायस. इकडे आई बरी आहे, म्हैस गाभण आहे, भात पिवळं पडायला लागलंय. माझं अक्षर वेडंवाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. वाचता आलं म्हणजे झालं.

पत्र धाऊच्या हाती पाठवतेय. तुमच्या हॉटेलात तो नेरळहून भाजी पोचवतो, तू तिथे आहेस हे त्यानेच सांगितलं. नवा नंबर तू आईला दिलास, मला नाही. आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. कागद तसा ठेवता येत नाही, निदान पहिली ओळ तरी वाचावी लागते.

धाऊ म्हणाला, "ताई, साईनाथदादा पावन्यांच्या बॅगा उचलतो वर." मला हसू आलं रं. अख्ख्या तालुक्यात गाडी न चालणारं एकच गाव, आणि आमचा ड्रायव्हर नेमका तिथे जाऊन लपला. माथेरानात ना क्लच, ना ब्रेक. चार ई-रिक्षा सोडल्या तर घोडेच. घोडेवाल्यांकडे बघत जा, लगाम दोन्ही बाजूंनी धरावा लागतो एवढं तरी कळेल.

आई सगळ्यांना सांगते, पोरगा हॉटेलात मॅनेजरच्या हाताखाली आहे. मी बॅगांचं नाव काढत नाही.

आता ट्रॅक्टरचं. तो अंगणात उभा आहे, मागची चाकं काढलेली, खाली ठोकळे लावलेले. तुला वाटलं असेल, शब्बीर मेस्त्रीने काढली असतील. नाही. कुंभिवलीला मी स्वतः गेले होते त्याच्याकडे. मे महिन्यात त्याने ब्रेकचे नवे लायनर बसवले, आणि श्रावणात आपला ट्रॅक्टर मोरीच्या कठड्यावर गेला तेव्हा जमलेल्या माणसांना तू पहिलं वाक्य बोललास ते हे, की शब्बीरनं माल हलका घातला, ब्रेक फेल झाला. मी ऐकलं ते. मी शुद्धीत होते.

ते वाक्य तुझ्याहून जास्त हिंडलं. भातकापणीच्या तोंडावर मेस्त्रीच्या गॅरेजसमोर ट्रॅक्टर लावायला जागा नसायची. या वर्षी तिथे कुत्री झोपलीत. रूपेशनेसुद्धा आपला ट्रॅक्टर खोपोलीला नेला. तोच रूपेश, ज्याचं इंजिन मेस्त्रीने भर पावसात शेतात उभं राहून चालू करून दिलं होतं. बाबांच्या पॉवर टिलरपासून आपल्या घराचं लोखंड मेस्त्रीच्या हातचं, आणि त्याचंच नाव तू एका वाक्यात मातीत घातलंस.

मेस्त्री काही देवमाणूस नाही. तोंडाचा फाटका, स्वतःच्या कामाचा गर्व इतका की बोलायची सोय नाही. मला बघून पाना आपटला त्याने. "तुज्या भावाला आन आदी. चार मानसांत बोल म्हनावं, काय झालं ते. तवर तुमच्या ट्रॅक्टरला मी हात लावनार नाय." झोहराभाभी मात्र बाहेर आली, माझ्याकडे बघून डोळे पुसले आणि डबा भरून दिला. त्या डब्यातली बिर्याणी आईनेही खाल्ली. तोंडाने काहीही म्हणू दे.

मग मीच उघडला. काकांच्या प्रवीणला बोलावलं, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गिअर न्यूट्रल. मी सीटवर बसले. उजवं पायडल दाबलं, प्रवीणला चाक हलवता येईना. डावं दाबलं, तळापर्यंत गेलं, आणि चाक तो एका हाताने फिरवत बसला. तेवढ्यावरच मला कळलं होतं. तरी ड्रम उघडले. डाव्यातले लायनर घासून रिव्हेटला टेकलेले, आत चिखल सुकून त्याची पूड झालेली. उजव्यातले लायनर कोरे, कडेचे छापील आकडे अजून वाचता येतात. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, एकाच खोक्यातले. हलका माल काय एका बाजूलाच हलका असतो?

तुला ठाऊक आहे ते कशाने. लावणीआधी चिखलणीत दोन ब्रेक-पायडलं एकत्र बांधणारी जोडपट्टी सगळेच काढतात, त्याशिवाय कोपऱ्यावर एका चाकावर वळता येत नाही. पण बाबा एक खाचर डावीकडून फिरवायचे, दुसरं उजवीकडून, म्हणजे दोन्ही ब्रेक सारखे झिजतील. आणि बांधावरून रस्त्याला लागायच्या आधी उतरून पट्टी लावायचे, पाऊस असो नाहीतर काय असो. तू आख्खी चिखलणी डाव्यावर मारलीस. शेजारच्या रिसॉर्टचे पाहुणे बांधावर उभे राहून शूटिंग करत होते ना, गर्रकन फिरवला की टाळ्या वाजवत होते. टाळ्यांसाठी ब्रेक खाल्लास. नंतर पट्टी न लावताच शनिवार-रविवार त्याच पाहुण्यांना ट्रॉलीत बसवून फिरवत राहिलास. एका बाजूला ओढतोय हे तुला कळलं नसेल असं मी मानत नाही. इतका बथ्थड तू नाहीस, आळशी आहेस.

पट्टी सापडली. प्रवीणने रिसॉर्टच्या किचनमधून आणली. बाटल्यांची बुचं काढायला ती तूच दिली होतीस म्हणे, खाचेत बूच छान अडकतं म्हणून.

त्या दिवशी पाहुणे उतरले होते हे आपलं नशीब. उतारावर तू ब्रेक दाबलास, उजव्याने धरलं, डाव्याने नाही, ट्रॅक्टर उजवीकडे खेचला गेला. उजव्या मडगार्डवर कोण बसलं होतं ते आठवतंय का? की तिलाही शब्बीरनेच बसवलं होतं?

तू माणसांना ब्रेकची गोष्ट सांगत होतास तेव्हा माझा हात मडगार्ड आणि कठड्याच्या मध्ये होता. मला रूपेशच्या टेंपोत घातलं. तू चढला नाहीस. "तू हो पुढं ताई, मी मागनं आलोच," म्हणालास. अजून येतोयस.

प्लास्टर निघालं. दोन बोटं वळत नाहीत, मुठीत काही राहत नाही. हे पत्र डाव्या हाताने लिहितेय. तू आईला फोन करतोस, तेव्हा एकदाही विचारलं नाहीस. आई म्हणते, त्याला धीर होत नाय. धीर म्हणे. हाताचा मला राग नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. राग आहे. रात्रंदिवस आहे. पण घाबरलेल्या माणसाने आई गं म्हणून ओरडावं, पळावं, मी तेही समजून घेतलं असतं. तू घाबरून दुसऱ्या माणसाचं नाव घेतलंस, याची मला किळस येते.

मी लोकांना सांगून पाहिलं. माहेरी परत आलेल्या बाईचं कोण ऐकतंय. म्हणतात, चालवत होता तो, त्याला जास्त माहीत. आई म्हणते, "सोताच्या भावाचं नाव कशाला घालवतीस? शब्बीर काय आपला हाय?" मी म्हटलं, आपला आहे तो माथेरानला बसलाय. तर ती रडली. तिला रडवलं ते तुझ्या खात्यात धर.

म्हणून तूच ये. आधी कुंभिवलीला जा, मेस्त्री शिव्या देईल त्या सगळ्या उभा राहून ऐक. मग त्याला घेऊन संध्याकाळी आपल्या सोसायटीच्या ओट्यावर ये, सगळे असतात तेव्हा. सांग, ब्रेक फेल झाला नव्हता, डावा मी झिजवला आणि पट्टी मी काढली. एवढंच. पाठ करून ये हवं तर.

आई आत्तापासून भाऊबीजेचं बोलतेय. पाट धुऊन ठेवलाय तिने. ओट्यावर बोलून आलास तर मी ओवाळीन. माझ्या उजव्या हातात तबक ठरत नाही, खालून तू हात लाव. न बोलता आलास, तर हात चालत नाही असं सांगून मी आत बसेन. लोकांना ते पटेल. तुझं नाही का पटलं.

पत्रासोबत फडक्यात गुंडाळून जोडपट्टी पाठवतेय. माथेरानात तिचा काही उपयोग नाही. खाली आणण्यासाठीच आहे ती.

ती घेऊन आलास तर तुझी ताई,
नाहीतर नुसतीच
हर्षला