भिंतीवरचं कानडी कार्ड

अत्ती,

काल नातीनं आपल्या पुढच्या दोन खोल्या फोनवर चढवल्या. आधी गादीवर नव्या चादरी ताणून घातल्या, मग मला इरकल नेसवून दारात उभं केलं आणि फोटो काढले. म्हणाली, आता लोक घरबसल्या खोली बघतील, दिवस ठरवतील, आणि राहून गेल्यावर खोली कशी वाटली ते चार ओळींत लिहितील. त्या ओळी पुढच्या प्रत्येकाला वाचता येतील. "आज्जी, असलं तुमच्या काळात काही नव्हतं," असं ती म्हणाली आणि मला इतकं हसू आलं की ठसका लागला. तिला काय सांगणार? हे हसू समजेल अशा तुम्ही एकट्याच, आणि तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली.

तुम्ही सासू म्हणून मला बघायला नातेपुत्याला आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. तुम्ही माझा रंग विचारात घेतला नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. चहाची कपबशी खाली ठेवलीत आणि विचारलंत, "पोरीला कानडी वाचाय येतं का?" मला तर तोवर कानडी कानावरसुद्धा पडलं नव्हतं. पण माझ्या मामानं क्षणाचाही वेळ घेतला नाही. "येतं म्हंजे? भराभरा वाचती. बोलायला तेवढी लाजती." तुम्ही मान हलवलीत. "बोलायला मी हाय की. मला वाचणारी पायजे." आणि माझं लग्न ठरलं.

वाचणारी कशाला हवी होती ते अक्कलकोटला आल्यावर कळलं. घर मठापासून हाकेच्या अंतरावर. सासरे नव्हते, आणि तुमचा मुलगा एसटीत कंडक्टर, म्हणजे आठवड्यातले चार दिवस बाहेरच. पुढच्या दोन खोल्या तुम्ही दर्शनाला येणाऱ्यांना दोन-चार दिवसांसाठी द्यायचात. येण्याआधी लोक कार्ड टाकायचे. पुण्या-मुंबईची कार्डं मराठीत, ती मुलगा वाचायचा. विजापूर-गुलबर्ग्याकडची मात्र कानडीत, आणि ती घेऊन तुम्हाला कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याकडे जावं लागायचं. तो दळण थांबवून मोठ्यानं वाचायचा. तुमच्याकडं कोण येणार, कुणाबरोबर येणार, कुणाला मूल होत नाही म्हणून येणार, हे पीठ घ्यायला आलेल्या सगळ्या बायकांना तुमच्या आधी कळायचं. त्यावर तुम्ही शोधलेला उपाय म्हणजे मी.

पहिलं कार्ड तुम्ही माझ्या हातात दिलंत तेव्हा हळद उतरून आठ दिवस झाले होते. मी त्या गोल गोल अक्षरांकडं बघत राहिले. जिलेब्यांची परात दिसत होती, दुसरं काही नाही. तुम्ही समोर पाय पसरून, डोळे मिटून ऐकायला बसला होता. खरं सांगावं तर मामा खोटा पडणार, माझे वडील खाली मान घालणार, आणि मला परत पाठवलंत तर? तोंडातून आपोआप निघालं, "गुरुवारी येतात. दोघं आहेत. सगळे खुशाल. तुम्हाला नमस्कार सांगितलाय." तुम्ही डोळे उघडलेत आणि तुमचा चेहरा असा काही फुलला! "बघ किती मायेनं लिवतेत. त्या गिरणीवाल्यानं एकदा तरी नमस्कार वाचला का?"

मग माझी एक रीत बसली. सगळे गुरुवारी यायचे, कारण गुरुवारी बहुतेक येतातच. सगळे दोघं असायचे. कार्ड दाट भरलेलं असलं तर चौघं. वाचून झालं की कार्ड लगेच चुलीत. चूक झाली तरी निस्तरायला तुम्ही होताच. एक कुटुंब सोमवारी येऊन दारात उभं राहिलं, तर तुम्ही कमरेवर हात ठेवून कानडीत त्यांची अशी काही खरडपट्टी काढलीत की त्या बापड्यांनी आपलीच चूक झाली म्हणून माफी मागितली. आत येऊन मला म्हणालात, "विजापूरकडच्या लोकास्नी हल्ली वारच कळंना झालेत." मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

या सगळ्यावर कळस म्हणजे ते एक कार्ड. आठ दिवसांपूर्वी राहून गेलेल्या एका बाईंचं होतं, एवढं तुम्हाला पोस्टमननं सांगितलं होतं. राहून गेल्यावर कुणी कशाला लिहील, तर आभार मानायला, असा मी विचार केला आणि सैल सुटले. खोली स्वच्छ, गादी मऊ, अत्तींच्या हातची शेंगाचटणी विसरता येत नाही, अत्ती म्हणजे साक्षात आई. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलीत टाकायला मी हात पुढं केला तर तुम्ही तो धरलात. "येडी का काय! असलं चुलीत घालत्यात व्हय?" खळ शिजवलीत आणि ते कार्ड पुढच्या खोलीत, गादीच्या बरोबर वर, भिंतीला स्वतःच्या हातानं चिकटवलंत. मराठी उतारू आले की त्यांना बोटानं दाखवायचात. त्यांना काय कळणार, ते कौतुकानं मान डोलवायचे. कानडी उतारू मात्र कार्डासमोर उभे राहायचे, एकमेकांकडं बघायचे, आणि अंथरूण उचलून बाहेर ओट्यावर जाऊन निजायचे. "यांना मोकळी हवा लागती वाटतं," तुम्ही म्हणायचात. मलाही तसंच वाटायचं.

दोन-अडीच महिने हे चाललं. मग एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला विजापूरकडचे एक शाळामास्तर आले. स्वच्छ धोतर, काळी टोपी, आणि मागं बायका-पोरं धरून दहा माणसं. तुम्ही उंबऱ्यात उभ्या. मास्तरांना मराठी चांगलं येत होतं.

"कार्डात गुरुवार लिवलाय," तुम्ही म्हणालात. "आन दोगंच."

"बाई, मी तीस वर्षं शुद्धलेखन शिकवतो. मी मंगळवार लिहिलं आणि अकरा लिहिलं. कार्ड आणा."

"कार्ड चुलीत गेलं. पर आमची सून वाचती. तिला इचारा."

मास्तर खोलीत आले, मी पदर सावरून भिंतीला टेकलेली. त्यांची नजर वर गेली आणि तिथंच राहिली. त्यांनी चष्मा पुसून परत घातला. "सूनबाई, हे तुम्ही वाचलंय?" मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी ते कार्ड वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत कानडीत वाचलं. मला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून मी तुमच्या तोंडाकडं बघत होते, आणि तुमच्या तोंडावरून मला सगळं कळत गेलं. माझ्यासाठी त्यांनी शेवटी मराठीत सांगितलं. बाई प्रेमळ आहेत, पण या गादीत इतके ढेकूण आहेत की आम्ही तिन्ही रात्री बसून काढल्या. माणसांकडून पैसे घ्यायचे आणि वर त्यांनाच ढेकणांचं जेवण करायचं, हे आम्हाला पटलं नाही.

मास्तरांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. अत्ती, त्या वेळी तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी दुपारच्या गाडीनं नातेपुत्याला गेले असते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग मास्तरांकडं वळलात आणि ताठ उभं राहून म्हणालात, "मग? मीच लावाय सांगितलंय. आमच्यात लपवाछपवी न्हाय. जे हाय ते भिंतीवर. ज्याला जमंल त्यानं ऱ्हावं."

मास्तरांनी टोपी काढली. "बाई, इतकी वर्षं गावोगाव उतरतोय, इतकं खरं बोलणारं घर बघितलं नाही. आम्ही इथंच राहणार."

स्वयंपाकघरात आल्यावर तुम्ही दार लोटलंत. मी रडायला तयारच होते. "तुला येत न्हाय, त्याचं काय न्हाय," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. "मलाबी कुटं येतंय. पर समद्या विजापूरला ठाव हाय माज्या घरात ढेकूण हायत, आन मला न्हाय! त्यापरीस गिरणीवाला बरा होता की गं!" एवढं बोललात आणि तुमचे खांदे हलायला लागले. रडता आहात असं वाटून मी जवळ गेले, तर तुम्ही हसत होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबून. "साक्षात आई म्हनं! शेंगाचटणी म्हनं!" मीही हसायला लागले. सासूसमोर हसायची ती माझी पहिली वेळ.

त्या दिवशी गाद्या उन्हात पडल्या, बाजेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, आणि मास्तरांच्या दहा माणसांनीसुद्धा हात लावला. तुम्ही बाजारातून पाटी आणि कानडी अंकलिपी आणलीत, मास्तरांपुढं ठेवलीत आणि म्हणालात, "चार दिस हाय न्हवं? हिला शिकवा." लग्नात तुम्ही मला पाटल्या घातल्या होत्या, पण तुम्ही मला दिलेली वस्तू कुठली असं कुणी विचारलं तर मी पाटी सांगते.

अक्षरं अंकलिपीतून आणि शब्द तुमच्या तोंडून शिकायला मला पाच महिने लागले. मी स्वतः वाचलेलं पहिलं कार्ड गुलबर्ग्याचं होतं. दरवर्षी येणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाई, तुमच्याशी भांडून दोन बादल्या गरम पाणी घेणाऱ्या, त्या वारल्या होत्या. अक्षर जुळवत मी तिथपर्यंत आले आणि थांबले. सगळे खुशाल म्हणणं किती सोपं होतं, सवयच होती. तुम्ही डोळे मिटून बसला होता. मी वाचलं, जसं होतं तसं. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "बरूबर वाचलंस?" मी म्हटलं, "व्हय." "बरं केलंस," म्हणालात आणि उठून त्यांच्या नावानं एक बादली पाणी तुळशीला घालून आलात.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे लिहायला बसतानाच ठरलं होतं. म्हणून एक गोष्ट सांगून टाकते, जी तुमच्या मुलालाही सांगितली नाही. तुम्ही गेलात त्यानंतर महिनाभरानं सिंदगीच्या एक बाई आल्या. दारातूनच त्यांनी हाक मारली आणि विचारलं, "अत्ती कुठं आहेत?" मला तेव्हा चांगलं कानडी बोलता येत होतं. मी म्हटलं, "बाजारात गेल्यात, येतीलच." त्या दोन दिवस राहिल्या. सकाळ-संध्याकाळ विचारायच्या. दोन्ही दिवस मी तुम्हाला बाजारातच ठेवलं.