गुरुवारचा भाग पाहू नकोस

धायरी, पुणे

प्रिय आईस,

सप्रेम जयभीम. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

फोनवरच सांगणार होते. पण तू उचलताच "आज आमची वच्छलामावशी काय बोलली, पाहिलं का?" म्हणत हसायला लागलीस आणि माझी जीभ रेटली नाही.

मी लिहिते त्या मालिकेतल्या मावशीला तुझं नाव मी कौतुकानं दिलं होतं. दोन भागांपुरतंच तिचं काम होतं. ती लोकांना एवढी आवडेल आणि गल्लीतल्या बायका तुझ्याकडे जमून पाहतील, हे कुठं ठाऊक होतं? आता पुढच्या गुरुवारी ती मरणार आहे. आवडती आहे, म्हणजे लोक रडतील, असं चॅनेलच्या वरच्यांचं म्हणणं.

निदान नाव बदला म्हणून भांडले. कुणी ऐकलं नाही. मग दुसऱ्या कुणाच्या हातून नको म्हणून तो प्रसंग मीच लिहिला. तुझं पदर खोचून बोलणं, खोकला आला की "चहा फार गरम होता" म्हणणं, सगळं त्यात घातलं. सेटवर माणसं रडली. माझं कौतुक झालं, ते ऐकवेना.

गुरुवारी बायकांना टीव्ही बिघडला म्हणून सांग.

आनंददादानं तुला डॉक्टरकडे नेलं का? की तूच टाळलंस?

मालिकेत तिची मुलगी वेळेवर पोचत नाही. ते मला कुणी सुचवलं नव्हतं, आई. आपोआप लिहिलं गेलं.

मी बुधवारीच येतेय. चहा मी करीन, बेताचा गरम. मग खोकला आला तर काय सांगतेस ते बघू.

तुझीच,
आम्रपाली