पाटीवरचे चार

डेन्झिलदादा,

माझ्याकडे उतरलेलं जोडपं आपल्या कड्यांवर, वाऱ्यावर पार भाळलं होतं. शहरातली माणसं, त्यांना समुद्र म्हणजे चित्र. सकाळी बाई म्हणाली, "काकू, ओहोटीत चालत बेटावर जातो. परतायचं कधी?"

मी भरतीचं पुस्तक पाहिलं. उन्हाळ्यात आपल्याकडे घड्याळं तासभर पुढे करतात, पुस्तकात मात्र जुनीच वेळ असते, म्हणून बाबांसारखाच एक तास मिळवला आणि दाराजवळच्या पाटीवर लिहिलं, 'चारच्या आत'. नवरा हसला, "तोवर पेस्टी गरम ठेवा!"

यंदाच्या पुस्तकात तो तास आधीच मिळवलाय. मलपृष्ठावर छापलंय. साडेतीनला मी ते वाचलं, तेव्हा बेटाची वाट पाण्याखाली होती.

तू बचावबोट घेऊन गेलायस. आल्या आल्या विचारशील, "वेळ कुणी सांगितली यांना?"

पाटी मी पुसलीय, दादा.

तुझी धाकटी,
केरेन्सा