परीक्षेचा पेशंट

॥ श्री ॥
बर्मिंगहॅम,
१७ नोव्हेंबर १९९१

चि. सौ. सुप्रभास,
अनेक आशीर्वाद.

परवा दात घासताना एकदम आपली सांगलीची मोरी आठवली. आपण दोघी उकिडव्या, तळहातावर काळं मंजन, आणि आरसा एकच, तोही बाबांच्या दाढीच्या उंचीवर टांगलेला. म्हणून तू माझ्यापुढे आ करायचीस आणि मी तुझे दात तपासायचे. शाळेत सिस्टर बर्नाडेट प्रार्थनेनंतर रांगेतून फिरत तोंडं बघायची. मी घाईत तुला पास करून टाकायचे आणि तुझी काळी जीभ तिथे पकडली जायची. दोनदा तुला माझ्यामुळे वर्गाबाहेर उभं राहावं लागलं. त्याचं प्रायश्चित्त मी आता बावन्नाव्या वर्षी घेते आहे.

म्हणजे असं, की सप्टेंबरपासून मी पुन्हा कॉलेजात जाते. सर्जरीत, म्हणजे इथल्या दातांच्या दवाखान्यात, अकरा वर्षं मी डेंटिस्टच्या शेजारी थुंकी ओढायची नळी धरून उभी राहिले. आता लोकांचे दात साफ करायला आणि हिरड्या सांभाळायला मी स्वतः शिकते आहे. इथे त्याला डेंटल हायजिनिस्ट म्हणतात. वर्षभराचा कोर्स. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरींनी गप्पा थांबवून वह्या काढल्या. त्यांना वाटलं, मीच बाई. आणि खरं सांगते, क्षणभर मीही फळ्याकडे निघाले होते.

सध्या आम्ही दांड्यावर बसवलेल्या रबरी डोक्यांवर शिकतो. माझ्या डोक्याचं नाव मी मोहन ठेवलं आहे. गेल्या आठवड्यात मोहनचा एक दात माझ्या हातात आला. मी त्याला मनापासून सॉरी म्हटलं आणि सगळा वर्ग हसला.

अडचण पुढेच आहे. परीक्षेचा पेशंट ज्याचा त्याने आणायचा, असा नियम. आणि त्याच्या दातांवर किटण भरपूर हवं, आपल्या बंबात आतून थर चढायचा तसं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला मी लोकांच्या डोळ्यांत न बघता दातांतच बघत फिरले. तासाभरात सगळी मंडळी माझ्याशी ओठ मिटून बोलू लागली. केंब्रिजहून मंजिरी आली होती. म्हणाली, आई, माझी दात साफ आहे. लेकीचं मराठी तसंच, पण दात खरोखर साफ. काही उपयोगाची नाही.

शेवटी यांना विचारलं. दिवसभर ऑपरेशनच्या टेबलावर लोकांना झोपवून त्यांची तोंडं उघडणारा माणूस, पण स्वतःचं उघडायला साफ नकार. म्हणाले की संसारात एक तरी तोंड बंद राहू दे.

आईला शि. सा. न. सांग. कळावे. लोभ आहेच, तो दातासारखा हलू देऊ नकोस.
तुझी,
मधुताई

॥ श्री ॥
सांगली,
८ डिसेंबर १९९१

ती. सौ. मधुताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली की परक्यांच्या उष्ट्या तोंडात हात घालण्यासाठी मुलीला कॉन्व्हेंटात घातलं होतं का. मग थोड्या वेळाने विचारलं की हातमोजे तरी देतात ना. आणि संध्याकाळी शेजारी सांगत होती की माझी मधू विलायतेत दातांची डॉक्टरीण झाली. मी खोडून काढलं नाही.

एक दुरुस्ती: दोनदा नव्हे, मी तीनदा उभी राहिले. तिसऱ्यांदा तर तू मला, चकचकीत आहेत गं, असं म्हणून पाठवलं होतंस.

पेशंट शोधत काय फिरतेस? आमच्या घरी खाण आहे. जयंतरावांचे तंबाखूने रंगलेले दात पाठवायची सोय असती तर पार्सलने पाठवले असते. आणि भावोजी नकार देतात तो नुसत्या थट्टेने, असं मला वाटत नाही. तू त्यांना कधी मोठ्याने हसताना पाहिलं आहेस? मी तरी नाही. माझ्या नि जयंतरावांच्या लग्नातसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होते. जरा लक्ष ठेव.

रात्री जागत जाऊ नकोस. कळावे, आहे तशी माया राहू दे.
तुझीच,
सुप्रभा

॥ श्री ॥
बर्मिंगहॅम,
१२ एप्रिल १९९२

चि. सौ. सुप्रभास,
अनेक आशीर्वाद.

पेशंट मिळाला! लेकाकडे राहायला आलेल्या सुलक्षणाकाकू, वय एकाहत्तर. पाडव्याला मंडळात श्रीखंड खाता खाता मान मागे टाकून हसल्या, आणि मला असा काही थर दिसला की माझ्या हातातली वाटी कलंडली. लोकांना तरुणपणी काय काय पाहून असं होतं, मला आता हे पाहून होतं. काकूंना कॉलेजात नेलं. आमच्या शिकवणाऱ्या मिसेस प्रॉसरनी तपासून पेशंट योग्य असल्याची सही दिली.

काकूंना सांगताना मात्र माझी जीभ अडखळली. वडीलधाऱ्या बाईला तोंडावर कसं म्हणायचं की तुमचे दात घाण आहेत म्हणूनच तुम्ही मला हव्या आहात, आणि जूनपर्यंत ते तसेच ठेवा? मी एवढंच म्हटलं की काकू, मोठे साहेब येणार आहेत, त्यांना तुमचे दात दाखवायचे आहेत. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला लिंबाचं लोणचं दिलं.

परीक्षा २३ जूनला. एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. सर्जरीतली हायजिनिस्टची जागा माझ्यासाठी जुलैपर्यंतच राखून ठेवली आहे. नापास झाले तर ती दुसरीला जाईल आणि मी परत नळी धरून उभी. सुप्रभा, नळी धरून उभ्याउभ्या म्हातारं व्हायचं नाही गं मला.

यांच्यावर लक्ष ठेवलं. दात घासताना न्हाणीघराला आतून कडी लावतात. पण ती एकोणतीस वर्षं लावतात, मला कधी विशेष वाटलं नव्हतं.

कळावे. लोभ धरलास तो घट्ट धर.
तुझी,
मधुताई

॥ श्री ॥
सांगली,
१० मे १९९२

ती. सौ. मधुताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत गणपतीचा अंगारा आहे. आई म्हणते, हत्यारांना लाव. मी म्हणते, इंग्रजांनी पाहिलं तर तुलाच बाहेर काढतील, तेव्हा पर्समध्ये ठेव.

काकूंना तू नीट सांगितलेलं नाहीस. तू कुणालाच कधी नीट सांगत नाहीस, म्हणून तर मी तीनदा उभी राहिले. अजून वेळ आहे, फोन कर आणि स्पष्ट सांग. जीव टांगणीला लागला आहे.

कळावे, माया आहेच.
सुप्रभा

॥ श्री ॥
बर्मिंगहॅम,
१९ जुलै १९९२

चि. सौ. सुप्रभास,
अनेक आशीर्वाद.

आधी निकाल सांगते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. पास झाले, सर्जरीतली जागाही माझीच. आता सावकाश वाच.

तुझं पत्र आल्यावर मी काकूंना फोन केला. तब्येतीची चौकशी केली, लोणच्याचं कौतुक केलं, आणि ठेवला. झालं नाही गं धाडस.

परीक्षेच्या दिवशी काकू अर्धा तास आधी हजर. काठापदराची साडी, अंबाड्यात पिवळा गुलाब. हसल्या, आणि पाहते तो काय, दात मोत्यासारखे! दोन दिवसांपूर्वी लेकाला घेऊन दुसऱ्या डेंटिस्टकडे जाऊन सगळे साफ करून आल्या होत्या. मला म्हणाल्या की परक्या साहेबापुढे तसलं तोंड उघडून तुझी नाचक्की करू होय पोरी, पाहुणे यायचे तर आपण घर आवरतोच की. मीही आमच्या कामवाल्या बाई यायच्या आधी केर काढते.

एक्झामिनरनी काकूंच्या तोंडात पाहिलं आणि फार सभ्यपणे विचारलं की मी नेमकं काय साफ करणार आहे. मग अर्ध्या तासाची मुदत दिली. तेवढ्यात दुसरा योग्य पेशंट आणा, नाहीतर पुढच्या वर्षी या.

मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून पांढऱ्या युनिफॉर्मात रडले. बावन्न वर्षांची घोडी. हे मला सोडायला आले होते, तिथेच पेपर वाचत होते. काय झालं ते सांगितलं. यांनी पेपरची नीट चार पदरी घडी घातली, कोट काढून काकूंच्या हातात दिला, आत गेले आणि खुर्चीत बसले. मग खिशातून रुमाल काढला, तोंडाशी नेला, आणि वरचे पुढचे दोन दात काढून रुमालात ठेवले.

सुप्रभा, ते दात खोटे आहेत हे मला माहीत नव्हतं. मेडिकलला असताना क्रिकेटचा चेंडू लागून खरे पडले होते. नंतर मला म्हणाले की तेव्हा सांगितलं असतं तर तुझ्या बाबांनी स्थळ नाकारलं असतं, आणि लग्नानंतर सांगायचं रोज राहत गेलं. आणि मी म्हणे अकरा वर्षांची अनुभवी डेंटल नर्स! हे गुपित तुझ्या पाहण्यात आलं आणि माझ्या नाही.

एक्झामिनरनी आत डोकावून हळूच शीळ घातली. असं तोंड वर्षातून एखादंच बघायला मिळतं म्हणाले. पंचवीस वर्षं डेंटिस्टचं दार न पाहिलेलं तोंड. यांची मान ताठ, डोळे घट्ट मिटलेले. जगाला भूल देणारा माणूस सुईला घाबरतो, हेही मला त्याच दिवशी कळलं.

आता गंमत ऐक. सुरुवातीला पेशंटला पूर्ण नावाने हाक मारून खात्री करायची, त्याला मार्क असतात. मी सवयीने म्हटलं, अहो. एक्झामिनरनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी चूक सुधारली आणि म्हटलं, पद्माकर सबनीस. उखाण्याबाहेर पहिल्यांदाच. यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मग मी हत्यार उचललं. चाळीस मिनिटं काम केलं, आणि शेवटी नियमाप्रमाणे पेशंटला समज दिली की तुम्ही दात घासत नाही, त्यांच्यावरून झाडू मारता. यांनी मान खाली घालून येस नर्स म्हटलं. काकू दारातून बघत होत्या. आता मंडळात सगळ्यांना कळलं आहे.

हे आता घरात मोठ्याने हसतात. आवाज फार मोठा आहे, मला माहीतच नव्हता. कडी लावायचं मात्र सुटलेलं नाही.

आमच्या ओळखीचा माधव पुढच्या आठवड्यात सांगलीला येतो आहे, त्याच्याबरोबर पिशवी पाठवते. निळे सहा ब्रश तू शिकवतेस त्या शाळेतल्या शिपाईबाईंच्या मुलांना. प्लॅस्टिकची दातांची कवळी आहे ती शाळेलाच, पोरांना घासून दाखवायला. तिचा एक दात सैल आहे, तो माझ्याच हातून झाला. लाल कडक ब्रश जयंतरावांना, आणि तंबाखू सोडली तरच, असं स्पष्ट सांगून दे. हे काम तू कर, मला जमणार नाही. आईला ब्रश नको, बिचारीला एकही दात नाही. तिला माझा युनिफॉर्ममधला फोटो, आणि खाली दातांची डॉक्टरीण असं तूच लिही.

तुझ्यासाठी पिशवीत काही नाही, शोधू नकोस. तुझे दात बघायला मी स्वतः जानेवारीत येते आहे, तीन वेळांचं देणं आहे. तोवर कुणाकडे जाऊन आवरून ठेवू नकोस. आणि हे मी स्पष्ट सांगते आहे.

कळावे. माया ठेव, आणि आ करून वाट बघ.
तुझी,
मधुताई