चार दिवस बँकॉक

गिरावीन, सिडनी
रविवार, ८ मे २०२२

चि. मयूस,

दादाचे आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे कौमुदीचा कोविड उतरला आणि माझा खोकला उरला. पाऊस दोन महिने हटलेला नाही, कपाटातल्या बुटांना बुरशी आली. ऑफिस आता आठवड्यातून दोन दिवस पॅरामॅटाला बोलावतं. मी ट्रेनने जातो, रिकाम्या मजल्यावर बसतो, घरून काम करणाऱ्यांशी फोनवर बोलतो आणि परत येतो. एवढ्याने माणूस इतका का दमतो, कळत नाही.

तू जूनमध्ये बँकॉकला निघालीस, एकटी, पाच दिवस, शाळा सुरू व्हायच्या आत. वाचून बरं वाटलं. कमी खर्चात कसं जमवायचं, असं तू मेसेजवर विचारलंस. व्हॉट्सअ‍ॅपवर उरकणार होतो, पण तुझी कौमुदीवहिनी म्हणाली, "कागदावर लिही, मेसेज तू खोडत बसशील." तिला मी चांगला माहीत आहे. तू निघेपर्यंत हे पोचावं.

आधी कागदपत्रं. थायलंड पासचा फॉर्म ऑनलाइन भर, त्याला लसीचं सर्टिफिकेट आणि इन्शुरन्स लागतो. सगळ्याच्या छापील प्रती ठेव. फोन नेमका काउंटरवर झोपतो. व्हिसा उतरल्यावर मिळेल, फोटो आणि रोख रक्कम हाताशी ठेव.

विमानतळावर टॅक्सीवाल्यांकडे बघूसुद्धा नकोस. सरळ तळमजल्याखाली जा, तिथून शहरात जाणारी ट्रेन आहे. राहायला जुन्या भागात, नदीजवळ बघ. बायकांची वेगळी डॉर्म असलेली हॉस्टेलं तिथे बरीच आहेत. खालचा पलंग मागून घे. बॅगेला स्वतःचं कुलूप लाव. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा एक ओढणी कायम पिशवीत असू दे. देवळाबाहेर कोणी गोड बोलून सांगेल की आज देऊळ बंद आहे, मी दुसरं दाखवतो. देऊळ उघडंच असतं. हसून पुढे जा.

खाण्याचं सांगतो. तू मासे खात नाहीस आणि तिथे भाजीतही माशांचं पाणी घालतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेली गाडी शोध, ते शुद्ध शाकाहारी. थालीपिठाची भाजणी नेऊ नकोस, हॉस्टेलात तुला परात कोण देणार आहे? आंबा आणि चिकट भात मात्र रोज खा, जूनमध्ये आंबा अजून असतो.

आणि बोट. नदीवरची नारिंगी झेंड्याची बोट घे. कितीही लांब जा, तिकीट एकच. आत एक बाई पत्र्याची नळी खुळखुळवत येते, तिच्यातूनच तिकीट फाडून देते. मागच्या बाजूला, पाण्याच्या कडेला बस आणि उत्तरेच्या शेवटच्या धक्क्यापर्यंत जा. तिथे करायचं काही नाही. बाजारातून चक्कर मार आणि पुढच्या बोटीने परत ये.

तू मेसेजच्या शेवटी लिहिलंस, "दादा, तुला एवढं कसं माहीत? तू तर फक्त विमान बदलायचास." त्याच्यापुढे तू हसरा चेहरा टाकला होतास. मी तो मेसेज आठ दिवस तसाच ठेवला.

मयू, जानेवारी २०२० आठव. तू मला डिसेंबरपासून सांगत होतीस, "पंधराला ये. संक्रांत आहे, आणि सोळाला आईची अँजिओग्राफी आहे, मी एकटी आहे." मी म्हणालो, रजा सतरापासूनच मिळाली. ते खोटं होतं. रजा तेरापासून होती. तेराला दुपारी मी बँकॉकला उतरलो आणि अठराच्या सकाळी तिथून निघालो.

बँकॉक म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. तसलं काही नव्हतं. कौमुदीला सगळं माहीत होतं, फक्त अँजिओग्राफीचं मी तिलाही सांगितलं नव्हतं. त्या वर्षी मी इतका थकलो होतो की पुण्याला उतरल्याबरोबर हॉस्पिटलात बसायचं, डॉक्टरांशी बोलायचं, सह्या करायच्या, याचा विचारही नको वाटायचा. मला वाटलं, चार दिवस कोणी मला काही विचारू नये. दोन दिवस झोपलो. मग बोटीने वर-खाली करत राहिलो. सोळा तारखेला, तू हॉस्पिटलात कॅथ लॅबच्या बाहेर बाकावर होतीस तेव्हा, मी त्या शेवटच्या धक्क्यावर आंबा खात होतो. तुझा मेसेज आला, "आत नेलं." मी नमस्काराचा हात पाठवला.

अठराला रात्री पोचलो तेव्हा आईच्या मनगटाला पट्टी होती. तशा हाताने तिने डब्यातल्या गुळपोळीवर तूप घातलं आणि म्हणाली, "टिकते रे ही, तुझ्यासाठी ठेवली." तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. तुझे डोळे सुजलेले होते. मी तुला म्हणालो, मी असतो तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ती गेली, तेव्हा मी खरंच अडकलो होतो. इथून बाहेर पडायच्या परवानगीचा अर्ज भरत होतो आणि तुझा फोन आला. तेव्हा इथे सगळ्यांनी माझी कीव केली. गिरावीनमधल्या ओळखीच्या लोकांनी आठवडाभर डबे आणून दिले. "काय करणार, बॉर्डरच बंद," सगळे म्हणायचे. मी मान हलवायचो. पण मला सारखं ते आधीचं वर्ष दिसायचं, तेव्हा काहीच बंद नव्हतं. तू दोन्ही वेळा एकटीच होतीस आणि त्यातली एक वेळ मी निवडली होती.

अजून एक राहिलं. आईला मी हत्तींची कापडी पर्स दिली होती, एअरपोर्टवर घेतली असं सांगून. फेब्रुवारीत निघताना तिने माझे धुतलेले शर्ट बॅगेत ठेवले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी त्या नदीवर मलाही फिरव." मी नदीचं नावही काढलं नव्हतं. धुताना तिला खिशात बोटीची तिकिटं सापडली असणार. बाकी ती काही बोलली नाही, आणि तुलाही बोलली नसावी, नाहीतर तू मला हसरा चेहरा पाठवला नसतास.

मी सोबत येऊ का, असं विचारणार नाही. हे पाच दिवस तुझे आहेत, तुला ते कधीच मिळाले नाहीत. तिथे असताना माझा फोन आला तर उचलू नकोस. परत आल्यावर राग राग कर, किंवा बोलूच नकोस. मी ते सोसेन. फक्त आईची ती पर्स घेऊन जा. शेवटच्या धक्क्यापर्यंत ती मांडीवर असू दे.

आज इथे मदर्स डे आहे. शेजारच्या मुलांनी त्यांच्या आईसाठी दारात फुलं ठेवली आहेत, पावसात भिजतायत.

तब्येत सांभाळ. मास्क लाव.

चार दिवस उशिरा पोचलेला,
तुझा दादा
चंद्रहास