श्रीविजयाच्या वाऱ्याचा पुरावा

बाबा,

तुम्ही सिंगापूरला किती वेळा आलात हे तुम्हालाही आठवत नव्हतं, आणि तरी सिंगापूर तुम्ही पाहिलं नाहीत. तुमचं सिंगापूर म्हणजे नांगरलेल्या जहाजाच्या डेकवरून दिसणाऱ्या इमारती, आणि किनाऱ्यावर जायला मिळालेच चार तास तर आईसाठी घेतलेली नायलॉनची साडी. मी मात्र इथे अकरा वर्षं राहतेय. बुकित पंजांगला फ्लॅट, वन-नॉर्थला ऑफिस, आणि तुमची नात तर अशी इथली झालीय की मी जरा लांबण लावली की इथली ती शेपटी जोडून म्हणते, "मम्मी, टू लाँग लाह!" तुम्ही असतात तर कपाळाला हात लावला असतात, आणि मग तिच्याकडून ते "लाह" शिकून घेऊन गावभर वापरलं असतंत. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. आज लिहायला बसले कारण शनिवारी एक गोष्ट घडली आणि ती तुम्हालाच सांगायला हवी.

झालं असं, की यंदा मी संग्रहालयात गाईड व्हायचं ट्रेनिंग घेतलं. पगार नाही, हौस. सुट्टीच्या दिवशी लोकांना दालनांतून फिरवायचं आणि इतिहास सांगायचा. तुमचे जावई म्हणाले, "ऑफिसातली बडबड पुरत नाही वाटतं!" बोलू दे. माझ्या वाट्याला आलं श्रीविजय. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. पण तुम्ही ज्या पाण्यातून तीस वर्षं जा-ये केलीत ना, मलाक्काची ती चिंचोळी सामुद्रधुनी, ते सगळं पाणी हजार-बाराशे वर्षांपूर्वी या श्रीविजयाचं होतं. राजधानी पलीकडे सुमात्रात, नदीकाठी, आजच्या पालेंबांगला. किल्ले नाहीत, मोठाली देवळं नाहीत. घरं लाकडाची, बांबूची, कित्येक तर पाण्यावरच तरंगणारी. सगळी कुजून गेली. इतकं मोठं राज्य, पण ते होतं हेच लोक कित्येक शतकं विसरून गेले होते. शंभरेक वर्षांपूर्वी अभ्यासकांनी चार शिलालेख आणि चिनी प्रवाशांनी लिहून ठेवलेलं जुळवलं, तेव्हा कुठे ते पुन्हा सापडलं. मला हे वाचून असा काही अभिमान वाटला, विचारू नका. का, तर हे राज्य जमिनीवाल्यांचं नव्हतं, दर्यावर्दींचं होतं.

आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आपलंच राज्य की!" माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. म्हटलं, "नाही हो काका, त्यांचंच. भाषा मलय, अक्षरं दक्षिण भारतातून घेतलेली, धर्म बुद्धाचा. आणि वारा कुणाच्या बापाचा नाही." उलट त्यांच्याच राजानं आपल्या नालंदेत विहार बांधून दिला होता, गावाबाहेर पैसा कमावलेला माणूस शाळेला वर्गखोली बांधून देतो ना, तसा. चीनहून नालंदेला निघालेला एक भिक्षू वाटेत श्रीविजयात थांबून संस्कृत शिकला, आणि मागून येणाऱ्यांना त्यानं लिहून ठेवलं की आधी इथे येऊन तयारी करा, मग पुढे जा. काकांनी विषय बदलला. तुमचीच मुलगी आहे, तोंड बंद ठेवायला शिकलेच नाही.

पण श्रीविजय तिथेच का मोठं झालं, हे काही केल्या मला नीट सांगता येईना. पुस्तकात सगळं होतं, पण वाचून दाखवलं की माणसं जांभया देतात. मग एकदा भांडी घासता घासता आठवलं. तुम्ही रजेवर आला आहात. मी आठवीत असेन. भूगोलात मोसमी वारे आहेत आणि मला ओ की ठो कळत नाहीये. तुम्ही आईच्या समोरची परात ओढता, तीत पाणी ओतता, दोन वाट्या पालथ्या घालता, मध्ये बोटभर फट. सुपारीची सालं म्हणजे जहाजं. तुम्ही एका बाजूनं फुंकर मारता. "हा आपला पावसाळी वारा. आपली गलबतं याच्यावर बसून पूर्वेला. आता चीनकडची जहाजं याच वाऱ्यावर इकडे येतील का? नाही येणार. त्यांना थंडीतला उलटा वारा हवा. आणि आपल्याला घरी परतायलासुद्धा तोच." फटीपाशी साल अडकतं. "मग तोवर करायचं काय? थांबायचं. माझा आजा चार-चार महिने थांबायचा. थांबलं की गोडं पाणी लागतं, तांदूळ लागतो, दोर लागतो, फळी लागते. जो या फटीत उभा राहून हे सगळं देतो आणि चोर-चाचे दूर ठेवतो, तो राजा." आई करवादते, "राजा गेला उडत, परात द्या माझी, तांदूळ धुवायचेत!" मला त्या चाचणीत पैकीच्या पैकी मिळाले होते. तुम्हाला श्रीविजय माहीत नव्हतं, आणि तुम्ही मला अख्खं श्रीविजय परातीत दाखवलं होतंत.

आता जे लिहायचं आहे त्याला हात धजत नाही. माझ्या लग्नाचा बायोडेटा तुम्हाला आठवत असेल. पुण्यातल्या ऑफिसात मीच टाइप केला होता. कुलदैवत, गोत्र, उंची, मामांचं गाव, सगळं खरं. आणि वडील: मर्चंट नेव्हीत ऑफिसर, निवृत्त. तुम्ही चष्मा लावून वाचलंत. "ऑफिसर कोण?" मी म्हटलं, "बाबा, असंच लिहितात. सारंग म्हणजे काय हे पुण्याच्या लोकांना कुठे कळणार?" तुम्ही कागद घडी करून परत दिलात. "कळत नसेल तर सांगावं. डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम, चार शब्दांत होतं. मी कुणाची चोरी केली नाही." एवढंच. आवाज चढवला नाहीत. कांदेपोह्यांच्या दिवशी ऐन मे महिन्यात तुम्ही लांब बाह्यांचा शर्ट घातलात, हातावर गोंदलेलं दिसू नये म्हणून, आणि विचारलं तेवढंच बोललात. लग्न झालं. मी वीस वर्षं ते निस्तरलं नाही. सासरी विषय निघाला की म्हणायचे, "बाबा शिपिंगमध्ये होते," आणि चहा करायला उठायचे.

शनिवारी माझी परीक्षा होती. परीक्षक एक वयस्क मलय बाई, हिजाबला छोटीशी पिन लावलेल्या, गोड बोलणाऱ्या पण नजर करडी. ऐकायला घरच्यांना आणायचं असतं, म्हणून जावई आणि नात हजर. आमच्याकडे नियम असा, की जे वाक्य बोलाल त्याचा पुरावा फाईलमध्ये हवा. पुस्तक, लेख, शिलालेख, काहीही, पण हवा. मी झक्कास बोलले, बाबा. स्वतःच्या तोंडानं सांगते, झक्कास! परात नेता येत नव्हती म्हणून लोकांच्या हातांचेच केले दोन किनारे, मध्ये फट ठेवली, आणि फुंकर मारली. मग श्रीविजयाच्या शपथेच्या दगडाचा फोटो दाखवला. वर सात फण्यांचा नाग, खाली लेख, आणि पाणी ओघळून जायला पन्हळ. राजाशी इमान राखायची शपथ घ्यायची आणि ते पाणी प्यायचं, बेइमानी केली तर तेच पाणी जीव घेणार, अशी समजूत. आणि शपथ घेणाऱ्यांची यादी त्यावर कोरलीय. राजपुत्र आहेत, सेनापती आहेत, न्यायाधीश आहेत, आणि त्याच यादीत जहाजांचे नाखवा आहेत, राजाचे धोबी आहेत. कुणाला वगळलेलं नाही, कुणाचा हुद्दा वाढवून लिहिलेला नाही. 

शेवटी बाई म्हणाल्या, "वाऱ्याचा भाग सगळ्यांत सुंदर. इतकं सोपं करून मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. पण फाईलमध्ये त्याचा पुरावा दिसत नाही. हे कुठून घेतलंत?"  एखाद्या पुस्तकाचं नाव ठोकून देता आलं असतं, चार पुस्तकं समोरच होती. बाजूला तुमचे जावई उभे, कौतुकानं हसत. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. मी म्हटलं, "माझ्या वडिलांकडून. ते जहाजावर सारंग होते. ऑफिसर नव्हते." ते शेवटचे दोन शब्द त्या बाईंना नको होते, नातीलाही नको होते. ते एकाच माणसासाठी होते, आणि त्याच्याकडे बघायची माझी छाती होईना. बाईंचा चेहरा मात्र उजळला. "सेरांग! माझे आजोबाही सेरांग होते," त्या म्हणाल्या. "मग लिहा ना फाईलमध्ये. वडील, सारंग, इतकी वर्षं समुद्रावर. याहून चांगला पुरावा कुठला?" मी तिथेच पेन काढून लिहिलं. पास झाले, बाबा.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी खिडकीबाहेर बघत होते. नात फोनमध्ये. जावई म्हणाले, "मला माहीत होतं." मी म्हटलं, "काय माहीत होतं?" तर म्हणाले, "साखरपुड्याच्या दिवशी तुझ्या बाबांनी मला हॉलच्या मागे बोलावलं होतं. म्हणाले, मी सारंग होतो, पोरीनं ऑफिसर लिहिलंय. चालत नसेल तर अंगठी घालायच्या आधी सांगा. चालत असेल तर मी बोललो हे तिला कळू देऊ नका, तिचा मान जाईल." मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?" "मी विचारलं, सारंग म्हणजे काय? अर्धा तास सांगत होते. मुहूर्त त्यापायीच टळत होता." आणि साखरपुडा अर्धा तास लांबला म्हणून मी आजवर भटजींना शिव्या घालत होते! भर गाडीत हसले आणि हसता हसता रडू फुटलं. नात म्हणाली, "मम्मी, एव्हरीवन लुकिंग लाह."

पत्र कुठे पाठवायचं नाही, ते माहीत आहे. तरी सुरू करताना शेवट ठरवून बसले होते. लिहिणार होते, की मला तुमची लाज कधीच वाटली नाही, लोकांना कळणार नाही एवढ्यासाठीच तसं टाइप केलं. सकाळपासून तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. तुमचा अभिमान आज इतका आहे की ऑफिसात, लिफ्टमध्ये, शेजारणीला, सगळ्यांना सांगत सुटलेय. पण तेव्हा लाज वाटत होती, बाबा. आणि तुम्हाला ते कळलं होतं.